पावसाळ्यात घडीच्या चाकूला काय लावावं: खोबरेल, लिक्विड पॅराफिन की मेण?

स्टेनलेस पातं वापरणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. लवकर गंजणाऱ्या कार्बन स्टीलवर जीव असणाऱ्यांना मात्र गोव्यातले जून ते सप्टेंबर हे महिने जड जातात. माझ्याकडे दोन चाकू नेहमीच्या वापरात आहेत. एक बीच लाकडाच्या मुठीचा, कार्बन पात्याचा ओपिनेल, म्हणजे फ्रेंच बनावटीचा घडीचा चाकू. दुसरा वडिलांकडून आलेला, शिंगाच्या मुठीचा आणि आत पितळी पट्ट्या असलेला. खाली जे लिहितोय ते या दोघांच्या अनुभवावरून. तुमचा चाकू वेगळा असेल तर थोडं डावं-उजवं होईल.

तेल कोणतंही लावा, पण त्याआधी एक काम आहे. मीठ साधारण 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या पात्यावर खाऱ्या वाऱ्याचा नाहीतर घामेजल्या बोटाचा ठसा राहिला, तर त्याच आकाराचा गंज उठतो. मिठावर तेल चोपडलं तर मीठ तेलाखाली अडकून पडतं. म्हणून आधी गोडं पाणी, मग कोरडं फडकं, मग पंख्याखाली उघडा ठेवणं, आणि त्यानंतर तेल.

खोबरेलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. ते घरात असतं, खाण्याचं असतं, आणि त्याच पात्याने कैरी कापायची तर मनात शंका राहत नाही. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल हवेत राहून घट्ट होतं आणि पात्यावर वार्निशसारखा पापुद्रा धरतं. खोबरेल तसं सहसा करत नाही. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं, त्यामुळे सत्तरी तालुक्यात डिसेंबरच्या सकाळी चाकू उघडताना नखाला जोर लागतो, पण मुठीत जरा वेळ धरला की सुटतो. ही तक्रार मी धरत नाही. नुसत्या पात्यापुरतं बोलायचं तर खोबरेल आणि पॅराफिन यांत मला फारसा फरक जाणवला नाही.

फरक पडला तो सांध्यात. पातं रोज पुसता येतं, पण रिव्हेटच्या भोवती, पात्याचं बूड आणि पितळी पट्टी यांच्या फटीत गेलेलं तेल तिथेच राहतं. दमट हवेत ते हळूहळू खवट होतं, म्हणजे त्यातली आम्लं मोकळी होतात, आणि ही आम्लं पितळेतल्या तांब्याला धरतात. चतुर्थीच्या आधी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट, बांधायला बसलो, बांधायच्या दोरासाठी केवणीच्या झाडाची साल सोलायला वडिलांचा चाकू उघडला, तर पात्याच्या बुडाशी हिरवा, मऊ, मेणचट थर आलेला. खिशातला कापसाचा धागा त्यात रुतलेला. काडीने खरवडला तर काडीच्या टोकावर शेवाळी रंगाची गोळी आली आणि जुन्या खोबऱ्याचा वास सुटला. पुसलं, धुतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फटीतून हिरवी रेघ बाहेर. गंज नव्हता, पातं शाबूत होतं. पण त्या पात्याने कापलेली काकडी मला खाववेना. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

लिक्विड पॅराफिन औषधाच्या दुकानात मिळतं, बद्धकोष्ठावर देतात तेच. रंग नाही, वास नाही. ते खनिज तेल असल्याने त्यात खवट होण्यासारखं काही नसतं, त्यामुळे पितळेवर हिरवं धरायला कारण उरत नाही. सांध्यात एक थेंब टाकायचा, पातं चार-सहा वेळा उघडून मिटायचं, बाहेर आलेली काळपट घाण पुसायची, मग पुन्हा अर्धा थेंब. तेव्हापासून त्या फटीतून हिरवं आलेलं नाही. शिलाई मशीनचं तेलही याच जातीचं, पण ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं, म्हणून फळं कापायच्या चाकूला मी लावत नाही. डब्ल्यूडी-40 हा फवारा अडकलेला सांधा धुऊन काढायला चांगलं. नंतर ते साबणाने काढून टाकावं.

पॅराफिनचा दोषही सांगायला हवा. ते पातळ आहे, टिकत नाही. चाकू खिशात उभा राहिला की खाली उतरतं आणि शर्टाला डाग पडतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी हात फिरवावा लागतो. ज्याला एवढा नेम जमणार नाही त्याने मेणाचा विचार करावा.

मेण, मग ते मधमाशीचं असो की ब्रिटिश म्युझियममध्ये 1950 च्या दशकात तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स, ठेवणीतल्या चाकूला उत्तम. पातं जरा कोमट करून मेण चोळायचं आणि सुती कापडाने घासून चकाकी आणायची. पितळ काळं पडायचंही लांबतं. ओपिनेलच्या लाकडी मुठीला तर मी मेणच लावतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगलं की पातं खाचेत आवळून बसतं. पण मेण सांध्यात शिरत नाही, आणि रोज कापाकापी केली की धारेवरून सगळ्यात आधी निघून जातं, नेमकं जिथे हवं तिथून.

काळ्या डागांबद्दल थोडं. कैरी, बोंडू (काजूचं फळ), आंबट बिंबलं कापलं की कार्बनचं पातं निळसर-काळं होतं. बोंडूतल्या टॅनिनने तर बघता बघता. तो रंग घासून काढू नका, त्याने गंजाचा वेग थोडा कमी होतो. लाल डाग मात्र दिसल्या दिवशीच तेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर खाली खड्डा पडतो. पितळ चिंचेने चकचकीत होतं खरं, पण चिंचेचं पाणी सांध्यात जाऊ देऊ नका. आणि चामड्याच्या म्यानात पावसाळाभर चाकू ठेवू नका. चामडं ओल धरतं, श्रावणात त्यावर बुरशी येते आणि पातं आतल्या आत खराब होतं. तेल लावून, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला बरा.

तुमच्या चाकूत पितळ नसेल आणि तो रोज हातात असेल, तर घरचं खोबरेल वापरा, माझी हरकत नाही. पितळी पट्ट्या असतील तर मी पॅराफिन म्हणेन. पॅराफिन आणि मेण दोन्ही एकदम आणायचं नसेल तर आधी पॅराफिन आणा. मेण चाकू आत ठेवायची वेळ येईल तेव्हा घेतलं तरी चालतं.