अलिबागचं पोके बाऊल काउंटर: मासा एक नंबर, मेयो टाळा

अलिबागला बीचकडे जाताना पोके बाऊलचं छोटंसं काउंटर सुरू झालंय, रविवारी आईला घेऊन गेलेलो. पोके म्हणजे हवाईचा पदार्थ, कच्च्या माशाचे तुकडे, तिकडे आधी नुसतं मीठ, समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बिया लावून खायचे, सोया सॉस आणि तिळाचं तेल नंतर आलं. इथे काउंटरवर उभं राहून भात, मासा, सॉस, वरचं सगळं आपण सांगायचं.

आता आपल्याकडे रोज मासे खाणाऱ्या घरातही कच्चा मासा कोणी तोंडात घालत नाही, त्यामुळे मी आधी मासा ठेवलाय कसा तेच बघितलं. कुपा, म्हणजे आपला टूना, बर्फातल्या ट्रेमधून काढला, मधली काळपट लाल पट्टी कापून बाजूला केली आणि ऑर्डर दिल्यावरच तुकडे केले, सुरी मध्ये पुसून घेत. वास अजिबात नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण कुपा गरमीत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, मग अंगावर पित्त उठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कच्चा मासा ठेवतच नाही, फक्त उकडलेली कोळंबी, असं काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. हे ऐकून विश्वास बसला.

भात इंद्रायणीचा, चिकट आणि किंचित कोमट, तसाच हवा, कारण बासमती घातला तर सॉस सगळा तळाला जातो आणि घास धरत नाही.

सॉसमध्ये सोया आणि कोकमाचं आगळ मिसळलेला घ्या, डोळे झाकून. माशाची चव वर येते आणि आंबटपणा अगदी बेताचा. तिखट मेयो मात्र भसकन ओततात, त्यात कुपा आहे का बटाटा काही कळत नाही, हे त्यांनी बदलायला हवं. टॉपिंगमध्ये कैरी, काकडी, कांद्याची पात आणि भाजलेले तीळ, बस. कॉर्न कशाला ठेवलाय कळलं नाही.

आईने कच्चं नको म्हणून कोळंबीचा घेतला, तोही छान, कोळंबी रबरासारखी झाली नव्हती.

380 रुपये बाऊल, एकाचं पोट भरतं. बसायला चारच स्टुलं आहेत आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांची रांग लागते, म्हणून बाराच्या आत जा. पार्सल नेऊ नका, तिथेच खा.