स्प्रिंकलरचं पाणी कसं काढायचं: उतारावर सोडून, स्वतःच्या कॉम्प्रेसरने की माणूस बोलावून?

कोलोरॅडोतल्या डेनव्हरच्या आसपास, म्हणजे ऑरोरा, पार्कर, हायलँड्स रँच या पट्ट्यात ज्या मराठी मंडळींनी यंदा पहिलं घर घेतलं, त्यांच्याकडून सप्टेंबर संपायच्या आत एक प्रश्न हमखास येतो. स्प्रिंकलरचं ब्लो-आउट, म्हणजे हिवाळ्याआधी हवा मारून पाइपांतलं पाणी बाहेर काढणं, स्वतः करावं की माणूस बोलवावा? मला वाटतं, इथे दोन वेगळी कामं एकत्र बांधली जातात आणि तिथेच नुकसान होतं. पहिलं काम घराबाहेरचा बॅकफ्लो, म्हणजे स्प्रिंकलरचं पाणी परत घरच्या पाण्यात येऊ न देणारी झडप, वाचवण्याचं. ते पहिल्या गोठणाऱ्या रात्रीआधी, स्वतःच्या हाताने करायचं. दुसरं काम जमिनीतल्या पाइपांतलं पाणी काढण्याचं. त्याला दोन-तीन आठवड्यांची सवड असते, आणि पर्यायांची तुलना करायची ती त्या कामासाठी.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. फुगायला जागा नसेल तर जे कच्चं असेल ते फुटतं. लॉनखालचे पाइप बहुतेक 8 ते 12 इंच खोल असतात. इथल्या कडाक्यात गोठण त्याच्याही खाली जाते (घराचा पाया म्हणूनच 36 इंच खाली नेतात), तेव्हा पाइप रिकामे करण्याला पर्याय नाही. पण माती उन्हाळ्याची ऊब लगेच सोडत नाही. ऑक्टोबरातल्या एका थंड रात्रीने जमिनीतला पाइप गोठत नाही. भिंतीलगत उघड्यावर उभा असलेला पितळेचा बॅकफ्लो मात्र त्याच रात्री गोठतो.

आणि इथली हवा सांगून येत नाही. 2020 मध्ये 7 सप्टेंबरला डेनव्हरचा पारा 90 फॅरनहाइटच्या वर होता आणि 8 सप्टेंबरला बर्फ पडला. दरवर्षी असं होत नाही, पण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एखादी रात्र 32 च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जाणार, हे धरूनच चालावं.

आम्ही या घरातली पहिली थंडी काढली तेव्हा ब्लो-आउटवाल्याची तारीख 20 ऑक्टोबरची मिळाली होती. तारीख घेतली म्हणजे काम झालं, असं समजून मी निर्धास्त होतो. थंडी त्याच्या दहा दिवस आधीच येऊन गेली. माणूस ठरल्या दिवशी आला, हवा मारून गेला, त्याच्या कामात खोट नव्हती. मे महिन्यात मी बेसमेंटमधली चावी उघडली आणि बाहेरून बायकोची हाक आली. बॅकफ्लोच्या पितळी अंगाला केसाएवढी उभी चीर गेली होती आणि तिच्यातून पंख्यासारखं पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीवर उडत होतं. नवा बॅकफ्लो आणि तो बसवायची मजुरी मिळून साडेतीनशे डॉलर गेले. वाचवायला वीस मिनिटं पुरली असती.

ती वीस मिनिटं

आपल्याकडे बहुतेक घरांना पीव्हीबी (प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर) जातीचा बॅकफ्लो असतो. जमिनीतून दोन तांब्याचे पाइप वर येतात, मध्ये पितळेचं धूड, डोक्यावर टोपी, दोन चाव्या आणि बाजूला करंगळीच्या नखाएवढ्या खाचेचे दोन स्क्रू. या स्क्रूंना टेस्ट कॉक म्हणतात.

आधी बेसमेंटमधली स्प्रिंकलरची मुख्य चावी बंद करा. त्या चावीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी टोपी असते. खाली बादली धरून ती सैल करा, अडकलेलं पाणी उतरेल. मग कंट्रोलरवरून, म्हणजे स्प्रिंकलरच्या टायमरवरून, सगळ्यात सखल भागातला झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा भाग) दोन मिनिटं चालवा. दाब गेला की बॅकफ्लो वरून हवा आत घेतो आणि खाली जाणाऱ्या पाइपातलं पाणी झोनकडे सरकतं. त्यानंतर बाहेर जाऊन चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टेस्ट कॉक पाव फेरा फिरवा. खाच पाण्याच्या वाटेला समांतर झाली की ते उघडे. शेवटी दोन्ही चाव्या अर्ध्यावर, 45 अंशांत ठेवून द्या. हे का, ते कुणी समजावून सांगत नाही: चावी पूर्ण बंद असो वा पूर्ण उघडी, आतल्या गोळ्याभोवती थोडं पाणी कोंडलेलं राहतं आणि तेच चावी फोडतं. अर्ध्यावर ठेवली की त्याला वाट मिळते. वरून जुनी रजई गुंडाळा आणि तिच्यावर प्लास्टिक बांधा.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी तोच पाना आणि तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन मी बाहेर जातो. दसरा कधी लवकर येतो, कधी उशिरा, म्हणून हवामानाचा अंदाज मी 15 सप्टेंबरपासूनच रोज बघतो. त्यात 32 चा आकडा दिसला तर दसऱ्याची वाट बघत नाही.

आता पाइप: तीन वाटा

पहिली वाट उतारावर पाणी सोडून देण्याची. काही जुन्या घरांत पाइपाच्या सखल टोकांना हाताने उघडायचे ड्रेन व्हॉल्व्ह असतात, काहींत आपोआप उघडणारे. खर्च शून्य, आवाज नाही, यंत्र नाही. पण ही वाट तुम्ही निवडायची नसते, पाइप टाकणाऱ्याने ती आधी करून ठेवलेली असावी लागते. पाइपाला सलग उतार नसेल, मध्ये कुठे झोळ पडला असेल, तर तिथे पाणी बसून राहतं. आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये माती अडकते आणि ते कधी बंद पडले हे कळायलाही मार्ग नसतो. शिवाय आजकालच्या पुष्कळ हेडमध्ये, म्हणजे पाणी उडवणाऱ्या तोंडांमध्ये, पाणी अडवणारी झडप असते. रेन बर्डच्या 1800 मालिकेतली सॅम हेडं 14 फूट उंचीपर्यंतचं पाणी रोखून धरतात. लॉनवर डबकं होऊ नये म्हणून ती सोय उत्तमच आहे, पण अशा हेडांतून पाणी नुसत्या उताराने जात नाही. घर घेताना आधीच्या मालकाने ड्रेनच्या जागा दाखवल्या असतील आणि तो वर्षानुवर्षं तसंच करत आला असेल, तरच या वाटेवर भरवसा ठेवा.

दुसरी वाट स्वतःच्या कॉम्प्रेसरची, आणि सगळा वाद इथेच आहे. गॅरेजमधला शंभर-दीडशे डॉलरचा चपटा, 6 गॅलन टाकीचा कॉम्प्रेसर 90 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाला मिनिटाला अडीच घनफुटांच्या आसपास हवा देतो. कागदावर ती पुरते. एक घनफूट म्हणजे साडेसात गॅलन, तेव्हा मिनिटाला 12 गॅलन पाणी फेकणाऱ्या झोनला दीड-पावणेदोन घनफूट हवा हवी. एक इंची पाइपात 100 फुटांमागे साधारण साडेचार गॅलन पाणी असतं, म्हणजे पाणीही फार नाही. मग अडतं कुठे? पहिलं हेड मोकळं झालं की हवेला तिथून सोपी वाट मिळते. टाकीतला दाब भराभर उतरतो आणि पुढच्या पाइपातल्या पाण्यावरून हवा नुसती सरकत जाते. टाकी पुन्हा भरेपर्यंत ते पाणी परत सखल जागी येऊन बसतं.

तरीही लोकांचं निभतं, आणि ते निव्वळ नशिबाने नाही. शेवटचा थेंब काढायची गरज नसते. फुगायला जागा उरेल इतकं पाणी गेलं तरी पाइप वाचतो. चार झोनचं छोटं अंगण, झोनमागे चार-पाच हेडं आणि एक मोकळा शनिवार हाताशी असेल, तर 20-30 गॅलन टाकीचा, मिनिटाला पाच-सहा घनफूट देणारा कॉम्प्रेसर घेऊन प्रत्येक झोनला तीन-चार फेऱ्या मारा, काम होतं. चपट्या 6 गॅलनवर, सात-आठ झोनच्या लॉनला, मी तरी विसंबणार नाही.

दाब वाढवून भरपाई करायचा मोह इथेच होतो आणि तोच घातक. पांढऱ्या कडक पीव्हीसीला 80 पीएसआय ही वरची मर्यादा, काळ्या लवचिक पॉलीला 50. आपल्या भागात पुष्कळ घरांत मुख्य पाइप पीव्हीसीचा आणि फाटे पॉलीचे असतात, तेव्हा 50 च धरा. हवा बॅकफ्लोमधून नाही, त्याच्या पुढे, झोनकडच्या पाइपाला असलेल्या जोडणीच्या तोंडातून सोडा. निदान एका झोनचा व्हॉल्व्ह उघडा असल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू करू नका. सुरुवात सगळ्यात लांबच्या किंवा उंचावरच्या झोनपासून. एका वेळी दोन मिनिटांच्या वर नको, आणि हेडातून नुसतं धुकं यायला लागलं की थांबा. कोरडी, तापलेली हवा फिरत्या हेडांचे दाते झिजवते, म्हणून एका लांब फेरीपेक्षा दोन छोट्या बऱ्या. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हेडांवर वाकून बघायचं नाही. मुलांना त्या तासाभरासाठी घरात बसवा.

तिसरी वाट माणूस बोलावण्याची. ट्रकमागे ओढून आणलेला मोठा कॉम्प्रेसर मिनिटाला 185 घनफुटांपर्यंत हवा देऊ शकतो, त्यामुळे आठ झोन अर्ध्या तासात कोरडे होतात. आमच्या गल्लीत सहा-सात झोनच्या घराला 80 ते 120 डॉलर सांगतात. मात्र ज्या ताकदीने काम झटपट होतं तीच बेफिकीर हातात पाइप फोडते. म्हणून फोनवरच विचारा: दाब किती ठेवता? पॉली असेल तर कमी करता का? हिवाळ्यात काही फुटलं तर वसंतात येऊन बघाल का? पहिल्या प्रश्नाला आकडा न सांगता "काळजी करू नका" म्हणणाऱ्याला मी बोलावत नाही.

तो मोठा कॉम्प्रेसर स्वतः भाड्याने आणायचा तर एका घरासाठी परवडत नाही. आमच्या चार घरांनी एक वर्ष मिळून आणला होता. पैसे थोडे वाचले, पण चौघांचे पाइप वेगळे, त्यामुळे दर घरी दाब नव्याने जुळवावा लागला, आणि यंत्र ओढायला हुक असलेली गाडी चौघांत एकाकडेच होती.

मी काय निवडतो

आमचे सात झोन, फाटे पॉलीचे, मागचं अंगण उतरतं आणि शेवटी पुन्हा चढतं. मी माणूस बोलावतो, आणि तारीख ऑगस्टमध्येच घेतो. तुमचं टाउनहोम असेल, समोर दोन-तीन झोनच असतील आणि मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर आधीपासून घरात असेल, तर स्वतः करा. निव्वळ या कामासाठी नवा कॉम्प्रेसर विकत घेणार असाल तर हिशोब नीट मांडा. वर्षाला शंभर डॉलर वाचवायला जो चारशेचा कॉम्प्रेसर लागतो, तो चार हिवाळ्यांनी फिटतो, तेही एकदाही चूक झाली नाही तर. डॅलसकडच्या नातेवाइकांचं ऐकून इथे ठरवू नका. तिकडे जमीन इतकी खोल गोठत नाही, म्हणून बहुतेकांचं बॅकफ्लो झाकण्यावर भागतं.

ठिबकचा झोन असेल तर ब्लो-आउटवाल्याला आवर्जून दाखवा. तिथे दाब आणखी कमी लागतो आणि नळीच्या टोकाची टोपी काढावी लागते. कंट्रोलर बंदवर ठेवा, त्याची वीज काढू नका.

स्प्रिंकलर बंद झाला तरी झाडांची तहान संपत नाही. आमच्याकडचा हिवाळा कोरडा असतो, आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात बर्फ नसेल तेव्हा झाडांना महिन्यातून एक-दोनदा पाणी द्यावं, असं कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचं कृषी विस्तार केंद्र सांगतं. दिवस 40 च्या वर असेल तर दुपारी होज लावून द्या. संध्याकाळच्या आत होज नळापासून सोडवून, पाणी झटकून गॅरेजमध्ये ठेवा. तो लावलेला राहिला तर भिंतीतला नळ फुटतो आणि ते पाणी थेट बेसमेंटमध्ये येतं.