विज्ञानकथेतल्या नायकाला कोणता लेझर द्यावा: अखंड झोत की स्पंद?

लेझरची शक्ती असलेलं पात्र लिहायला घेतलंत की पहिला निर्णय हाच: किरण सलग चालू राहणार, की क्षणार्धाच्या स्पंदांनी सुटणार? दोन्हींत धक्का बसत नाही. ३० किलोवॅटच्या झोताचा मागे येणारा रेटा जेमतेम १० मिलिग्रॅम वजनाएवढा. त्यामुळे किरण सोडताना मागे फेकला जाणारा नायक आधीच खोडून टाका.

अखंड झोत लक्ष्य तापवतो, वितळवतो, आणि त्यासाठी एकाच जागी काही सेकंद टिकावा लागतो. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं. तेवढाच झोत नायकाने डोळ्यांतून १० सेकंद सोडला, तर नुसत्या प्रकाशाची ऊर्जा होते ३०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ७२ किलोकॅलरी. उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा धरली तरी दोन-तीन पोळ्यांत भागलं! अडचण उष्णतेची आहे. चांगल्या लेझरमध्येही साधारण एक भाग प्रकाश निघतो तेव्हा दोन भाग उष्णता मागे उरते. ते ६०० किलोज्यूल ५ किलोच्या डोक्यातच अडकले, तर डोकं जवळपास ३५ अंशांनी तापेल. सगळ्या शरीरात पसरले, तरी कडक ताप चढेल. मला कथेचं सगळ्यात सकस बीज इथेच दिसतं: प्रत्येक वापरानंतर थंड होण्याची धडपड, पाण्याजवळच लढण्याचा हट्ट.

स्पंदाचं गणित वेगळं. १०० ज्यूल एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सोडले, तर त्या क्षणापुरती शक्ती १०० गिगावॅट होते. लक्ष्याचा पातळ थर प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू) होऊन उसळतो, आत आघाततरंग जातो, कडकन आवाज होतो. नायकाचं डोकं मात्र अंशाच्या शंभराव्या भागानेच तापतं. पण एक स्पंद वरवरचाच ओरखडा काढतो. खोल भोक पाडायचं तर अनेक हवेत, आणि प्लाझ्मा पुढचा प्रकाश अडवतो म्हणून प्रत्येकानंतर थोडी उसंतही.

माझा कौल: यानावर किंवा तळावर बसवलेल्या यंत्राला झोत, माणसाला स्पंद. आणि तो डोळ्यांतून नको, तळहातातून सोडा. प्रकाश जितक्या लहान छिद्रातून निघतो तितका जास्त पसरतो. एक मायक्रॉन तरंगलांबीचा किरण डोळ्याच्या ५ मिलिमीटरच्या बाहुलीतून निघाला, तर किलोमीटरभर अंतरावर त्याचा ठिपका अर्धा मीटर रुंद होतो. ८ सेंटिमीटरच्या तळहातातून निघाला, तर फक्त ३ सेंटिमीटर.