नंबर जुळला, कागद खरे, घड्याळ नकली: इंदूरकरांनो, सेकंडहँड रोलेक्स घेणार असाल तर वाचा

इंदूर, देवास, उज्जैनकडे कोणी जुनी रोलेक्स किंवा ओमेगा शोधत असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा, खऱ्या कागदांसोबत नकली घड्याळ देऊन मला फसवणारा माणूस अजून गिऱ्हाईकं शोधतोय.

मला रोलेक्सची सबमरिनरच (डायव्हिंगचं मॉडेल) हवी होती आणि तीही १६६१० नंबरचं मॉडेल, २०१० पर्यंत बनायची ती, ४० एमएम, काळी डायल, बेझलवर (काचेभोवतीच्या फिरत्या कडीवर) ॲल्युमिनियमची रिंग. कित्येक वर्षं शोधत होतो. मुंबई-पुण्यात बघितल्या, पण कुठे पॉलिश मारून मारून केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) कडा पार गेलेल्या, कुठे पट्टा ताणून लोंबकळतोय, म्हणून सोडल्या.

मग ओळखीतून हा माणूस मिळाला. तुकोगंजच्या एका कॅफेत भेटलो, बोलणं एकदम गोड, डबा, १९९४ चे गॅरंटीचे कागद, त्यावर तेव्हाच्या पद्धतीनं छिद्रं पाडलेला नंबर, सगळं समोर. पट्टा काढून सहाच्या बाजूला केसवरचा नंबर भिंगातून बघितला, तंतोतंत जुळला. किंमतही फार स्वस्त नाही, बाजारभावापेक्षा थोडीच कमी, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. मी म्हटलं राजवाड्याजवळ आमचे घड्याळजी काका आहेत, त्यांच्याकडे मागचं ढक्कन उघडून बघू, तर लगेच, "भिया, ढक्कन मत खुलवाओ, वॉटरप्रूफिंग चली जाएगी," आणि मोबाईलवर मशीनचे फोटो दाखवले. फोटो खरोखर १६६१० मध्ये असतं त्या ३१३५ मशीनचेच होते, फक्त ह्या घड्याळाचे नव्हते.

काही आठवड्यांत घड्याळ दिवसाला मिनिटभर पुढे जायला लागलं. क्रोनोमीटर सर्टिफिकेटवाल्या मशीनला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच सूट असते, मिनिट म्हणजे कायच्या काय! काकांनी उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे मशीन रोलेक्सचं नाहीये." ३१३५ चा बॅलन्स (वेळ राखणारं डोलतं चाक) दोन्ही बाजूंनी टेकलेल्या ब्रिजखाली म्हणजे पट्टीखाली असतो, इथे एकाच बाजूला आधार होता. डबा, कागद, पट्टा कुठल्यातरी खऱ्या घड्याळाचे, केस नकली आणि तिच्यावर कागदावरचाच नंबर कोरलेला! म्हणजे नंबर जुळला ह्याला काडीचा अर्थ नाही.

आणि ते वॉटरप्रूफिंगचं कारण धादांत खोटं. सर्व्हिसिंगला ढक्कन उघडावंच लागतं, गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) बदलून प्रेशर टेस्ट केली की काम झालं. जो उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊच नका, कितीही गोड बोलला तरी.

सेकंद काटा सुळकन फिरतो म्हणून ओरिजिनल, हेही ऐकू नका. ३१३५ तासाला २८,८०० ठोके देतं आणि ईटीए कंपनीचं साधं २८२४ मशीन पण तेवढेच देतं, काट्यावरून काय कळणार? त्यापेक्षा लाईट बंद करून बघा. १९९४ च्या डायलवर अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम असायचं, त्याची हाफ लाईफ साधारण १२ वर्षं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं उरतं, इतक्या वर्षांनी ते जवळपास विझलेलं असतं. माझं तर रात्री लख्ख चमकायचं, त्यावर विकणाऱ्याचं उत्तर तयार, कंपनीतून डायल बदलून घेतली म्हणे. तसं होतं खरं, पण मग त्या सर्व्हिसचं बिल दाखव ना!

पैसे त्याला कॅशच हवे होते, तेही दोन लाखांच्या आतले तुकडे करून, वेगवेगळ्या दिवशी. एकाच व्यवहाराचे दोन लाख किंवा जास्त कॅशमध्ये घेणं २०१७ पासून कायद्यानं बंद आहे, तुकडे केले तरी चालत नाही. मी अडून बसलो आणि बँकेतूनच दिले, म्हणून आज पोलीस तक्रारीला जोडायला स्टेटमेंट तरी आहे. त्याचा तो फोन आता बंद आहे.

परवा एका मित्राला तसंच घड्याळ दाखवायला आला होता, नाव वेगळं, वर्ष वेगळं, डबाही वेगळा, ढक्कन उघडायचं म्हटल्यावर कारण मात्र तेच. मित्रानं हात जोडले आणि मला फोन केला. तुमच्याकडे असा कोणी आला असेल तर त्याचे फोटो, मेसेज डिलीट करू नका, मला कळवा, तक्रारीत जोडता येतील.