ड्रम कोअर की कॉलेजचा बँड? आधी गुण कशाला मिळतात ते बघा

अमेरिकेत हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या बँडमध्ये, रमलेल्या मुलांच्या घरी शेवटच्या वर्षी हा विषय हमखास निघतो. उन्हाळ्यासाठी ड्रम कोअरची, म्हणजे उन्हाळाभर फिरून स्पर्धा करणाऱ्या तरुणांच्या मार्चिंग पथकाची, ऑडिशन द्यायची, की थेट कॉलेजच्या बँडमध्ये जायचं? बोलणं बहुधा खर्च आणि वेळ यांच्यावर येऊन थांबतं. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ड्रम कोअरमध्ये प्रत्येक प्रयोगाला गुण मिळतात, कॉलेजच्या बँडमध्ये बहुतेक ठिकाणी मिळतच नाहीत. आणि जे मोजलं जातं त्याचीच तालीम होते.

मूल क्लॅरिनेट किंवा बासरी वाजवत असेल तर निम्मा निर्णय इथेच झाला. ड्रम कोअरमध्ये ब्रास (पितळी फुंकवाद्यं), पर्क्यूशन (तालवाद्यं) आणि कलर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारे), एवढंच असतं. नवं वाद्य शिकायची किंवा झेंडा हातात घ्यायची तयारी नसेल तर कॉलेजचा बँडच बरा.

ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, १९७२ पासून स्पर्धा घेतं. गुण १००. त्यातले ४० ‘जनरल इफेक्ट’चे, म्हणजे सगळा प्रयोग मिळून प्रेक्षकावर काय परिणाम करतो त्याचे. ३० दृश्य बाजूचे, त्यातच कलर गार्ड आलं. उरलेले ३० संगीताचे. इफेक्टमध्ये संगीत असतंच, तरी संगीतासाठी म्हणून वेगळे काढलेले गुण तीसच, हे आपल्याकडच्या गाण्या-बजावण्याच्या परीक्षा पाहिलेल्या पालकांना चमत्कारिक वाटतं. २००८ च्या अंतिम फेरीत फँटम रेजिमेंट या कोअरला ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्सला ९८.१ गुण मिळाले. पाव दशांशाने विजेतेपद ठरलं! एवढ्या फरकात कोण खरंच सरस, हे देव जाणे. पण त्या पाव दशांशापायीच सगळा उन्हाळा एकाच दहा-बारा मिनिटांच्या शोची घासपूस चालते. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचं. ते चुकलं की ओळ वाकडी दिसते.

गुण देण्याची रीत बदलली की वाजवणंही बदलतं, याचं उत्तम उदाहरण डीसीआयच्याच इतिहासात आहे. १९८३ च्या हंगामापर्यंत सफाईच्या गुणांत परीक्षक चुका टिपत, आणि प्रत्येक चुकीमागे एक दशांश कापत. त्याला ‘टिक’ म्हणायचे. आता विचार करा, अवघड रचना कोण कशाला घेईल? सोपं घ्या, चकाचक वाजवा, गुण वाचवा. १९८४ पासून कापण्याऐवजी मिळवण्याची पद्धत आली. काय केलं आणि ते किती अवघड होतं, यालाही भाव आला. पुढे शो झपाट्याने गुंतागुंतीचे होत गेले. त्यामुळे ‘स्पर्धा चांगली की वाईट’ हा वाद मला पोकळ वाटतो. स्पर्धा गुणांच्या कोणत्या कागदावर चालते, ते विचारावं. जुन्या चाहत्यांची एक तक्रार मात्र अजून कायम आहे: नाव मोठं असलं की परीक्षकांचा हात सैल सुटतो.

कॉलेजच्या बँडचा कारभार निराळा. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड अमेरिकन फुटबॉलच्या घरच्या सामन्यांना हाफटाइमचे (मध्यंतराचे) नवनवे शो बसवतो. ‘स्क्रिप्ट ओहायो’, म्हणजे मैदानावर चालत ‘Ohio’ हा शब्द वळणदार अक्षरांत उमटवणं, हा १९३६ पासूनचा ठेवा, बाकीचं बदलत राहतं. इथे एका गोष्टीला पॉलिश करण्यापेक्षा पटकन शिकणं, पटकन बसवणं आणि पटकन सोडून देणं याची सवय लागते. साइट-रीडिंग, म्हणजे समोर आलेली स्वरलिपी बघताक्षणी वाजवणं, सुधारतं. सफाई ड्रम कोअरएवढी येत नाही, हे मान्य करायला हवं.

पण गुण नाहीत म्हणजे चुरस नाही, असं समजू नका. फ्लोरिडा ए अँड एमसारख्या, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या बँडना बघा. चार क्वार्टरचा सामना संपला की ‘फिफ्थ क्वार्टर’ (पाचवा डाव) सुरू होतं. दोन्ही बँड आपापल्या स्टँडमधून आळीपाळीने एकमेकांवर वाजवतात. जुगलबंदीच ती! परीक्षक नाही, कागद नाही; गर्दी कुणाच्या बाजूने उसळते तेवढंच. मला विचाराल तर चुरशीचा हा सगळ्यात निरोगी प्रकार. हरलेला बँडही आपणच जिंकलो म्हणत घरी जातो.

टेक्सासमध्ये शाळांसाठी यूआयएलची, म्हणजे तिथल्या आंतरशालेय स्पर्धा घेणाऱ्या संस्थेची, एक मधली वाट आहे. विभागीय पातळीवर पहिला-दुसरा नंबर नाही, एक ते पाच अशी श्रेणी मिळते आणि त्या दिवशी कितीही बँडना ‘एक’ मिळू शकतो. तुमचं मूल तिथून आलं असेल, तर पाव दशांशाचं जग त्याला आधी बोचेल.

खर्चाचं थोडक्यात: ड्रम कोअरला हजारो डॉलर फी, बसचा प्रवास, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोप, दिवसभर उन्हात तालीम. कॉलेजच्या बँडचा बोजा यापेक्षा खूप हलका, आणि तो अभ्यासाच्या वेळापत्रकात बसवलेला. दोन्ही करणारेही पुष्कळ आहेत. फक्त डीसीआयची अंतिम फेरी ऑगस्टमध्ये असते आणि कॉलेजचा बँड कॅम्पही त्याच महिन्यात, तेव्हा तारखा आधी जुळवून बघा.

तरीही ठरत नसेल तर एक करा. स्पर्धांमध्ये परीक्षक शो बघताबघता बोलून शेरे रेकॉर्ड करतात, आणि ते बँड डायरेक्टरकडे येतात. हायस्कूलच्या बँडचं असं एखादं रेकॉर्डिंग मागून घ्या आणि मुलाला एकट्याला ऐकू द्या. आपल्या ओळीवरची टीका आली की तो मागे नेऊन पुन्हा ऐकतो, की हेडफोन काढून ठेवतो, तेवढं बघा.