निरुक्त आधी वाचावे की पस्पशाह्निक?

वेदांच्या भाषेला पावित्र्य कशामुळे आले, हे मूळ ग्रंथांतून समजून घेऊ इच्छिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारे यास्काचे निरुक्त आणि पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यातील पहिले आह्निक (प्रकरण), म्हणजे पस्पशा. वाणी समोर असूनही ती न दिसणाऱ्याचे वर्णन करणारी ‘उत त्वः पश्यन्’ ही ऋग्वेदातील ऋचा दोघेही उद्धृत करतात. त्यांचे प्रश्न मात्र भिन्न आहेत.

यास्काचा प्रश्न असतो, अमक्याला हे नाव का पडले? ‘अग्निः कस्मात्? अग्रणीर्भवति’ (अग्नी का म्हणतात? तो अग्रणी असतो म्हणून) असे सांगून तो शाकपूणी या आचार्याचे मतही देतो, की हा शब्द तीन धातूंपासून बनला. लॅटिनमधील ‘इग्निस’ हा अग्नीचा सगोत्र शब्द ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला अशा व्युत्पत्ती ओढूनताणून केलेल्या वाटतील. परंतु त्यांच्यामागे ब्राह्मणग्रंथांची, म्हणजे यज्ञकर्माचे विवरण करणाऱ्या वैदिक ग्रंथांची, दृष्टी आहे: मूळचा ‘इन्ध’ परोक्षपणे, म्हणजे आडवळणाने, ‘इंद्र’ म्हटला जातो, कारण ‘परोक्षप्रिया इव हि देवाः’ (देवांना जणू परोक्षच प्रिय असते). तेथे नाव उकलणे म्हणजे झाकलेल्या देवतेपर्यंत पोहोचणे असते. शिवाय यास्क विरोधकांना पुरेपूर बोलू देतो. सर्व नामे धातुजन्य नाहीत असे म्हणणारा गार्ग्य आणि मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणणारा कौत्स, हे दोघेही निरुक्तात भेटतात. कौत्साला मिळालेले उत्तर मला फार मोलाचे वाटते: आंधळ्याला खुंट दिसत नाही, हा खुंटाचा अपराध नव्हे.

पतंजलीला नाव का पडले याची फारशी चिंता नाही. कोणता शब्द साधू, म्हणजे व्याकरणशुद्ध, याची आहे. ‘गौः’ या एका साधू शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अनेक अपभ्रंश होतात. अर्थ त्यांनीही कळतो, पण धर्म साधू शब्दाच्या प्रयोगाने साधतो. ‘हेलयो हेलयः’ असे अशुद्ध बोलून असुर पराभूत झाले, ही कथा त्यासाठीच येते. संवादाची चाल असलेले हे आह्निक आटोपशीर आहे आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतरामुळे आपल्याला सुगमही झाले आहे.

उच्चार, शुद्धता आणि यज्ञकर्म यांविषयी कुतूहल असेल, तर पस्पशेपासून आरंभ करावा. व्युत्पत्तीचीच ओढ असेल, तर मी निरुक्ताकडे बोट दाखवीन. मात्र ते सलग वाचू नये. पहिला अध्याय, दुसऱ्याचा आरंभ आणि मग थेट देवतांचा सातवा अध्याय, हा क्रम ठेवावा.