‘जयंती कटला’ विकायला कोणी आलं तर दारातूनच परत पाठवा

शिरोळ तालुक्यात ज्यांचं रान क्षारपड झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. ऊस येईना, म्हणून एक एकराचं तळं काढलं. मग तेच ते. मोबाइलवर जाहिरात, गोड बोलणारा ‘मत्स्य सल्लागार’, मासे परत घ्यायचा करार. आकडे तेवढे लिहितो. ४,००० बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं), नगाला १६ रुपये, म्हणजे ६४,०००. नोंदणी ५,१००. ‘रोगप्रतिकारक किट’ १२,७५०. गाडीभाडं ४,५००. एकूण ८६,३५०, आणि सगळे फोनवरून, त्याच्या खासगी खात्यात. पक्क्या बिलाशिवाय रुपया सोडू नका, चहा पाजला तरी.

आता जी गोष्ट आठवली की अजून डोकं फिरतं ती सांगतो. गाडी आली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या उतरल्या. तो म्हणाला, “दादा, निम्मे जयंती रोहू, निम्मे जयंती कटला.” आणि आम्ही माना डोलावल्या! जयंती हा फक्त रोहू. भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधनाच्या सरकारी संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर १९९२ पासून निवड पद्धतीने तो तयार केला आणि १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव दिलं. सिफाचा सुधारित कटला वेगळा, त्याचं नाव अमृत कटला. पण बोटभर पिल्लाकडे बघून सुधारित वाण ओळखणारा कोण आहे? वाढीचा गुण अंगावर लिहिलेला नसतो. त्यामुळे हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं असं जे घरचे म्हणतात, त्यांनी स्वतः पिशवी उघडून बघावी. विकणाऱ्याला एकच विचारा: जनक मासे कुठून आणले, त्याचा कागद दाखव.

पिशव्या पाण्यात तरंगत ठेवायला हव्यात, आतलं-बाहेरचं तापमान एक होईपर्यंत. त्याने घाईघाईत ओतल्या आणि तळ्यासमोर आमचा फोटो काढला. “सहा महिन्यांत दुप्पट वाढ, रोग येतच नाही.” जयंतीत निवडीने दर पिढीला वाढीचा वेग साधारण १७ टक्क्यांनी सुधारला, दुप्पट नव्हे. हे आम्हाला नंतर कळलं.

थोड्याच दिवसांत मासे तळ्यातल्या बांबूंना अंग घासू लागले. एक हातात घेतला. कल्ल्यामागे हिरवट, चपट्या, बटणासारख्या उवा सरकत होत्या, खाली लाल चट्टे. आर्गुलस. बीजाबरोबरच आलेला. किटमधली पांढरी पूड काय होती देव जाणे. ज्यांच्याकडे उवा आहेत त्यांनी तळ्यात बांबू रोवावेत. मादी त्यावर अंडी घालते, मग बांबू काढून कडक उन्हात वाळवायचे. नवीन बीज आधी वेगळ्या हौदात ठेवा. उरलेले वाढले तेव्हा बघितलं तर निम्मे सायप्रिनस, म्हणजे साधे कॉमन कार्प निघाले.

पोलिसांत गेलो. “हा दिवाणी मामला आहे.” सायबरकडे गेलो. “पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही.” (तरीही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा. आम्ही उशिरा केला, कारण पोलीस ठाण्यातून कुणी तो नंबरच सांगितला नाही.) मत्स्य कार्यालयात साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तेव्हा, “आमच्याकडून बीज घेतलंत का? मग आम्ही काय करणार?” मेलेले मासे बर्फात घालून नेले होते. शिपाई म्हणाला वास येतोय, बाहेर ठेवा. ग्राहक आयोगात बिल मागतात. बिल असतं तर आम्ही रडत कशाला बसलो असतो? योजनांचे फलक लावायला हे सगळे हजर असतात, ४० टक्के अनुदान, ६० टक्के अनुदान. बीज विकणाऱ्याची नोंद खरी की खोटी एवढं सांगायला एक माणूस नाही. अर्ज दिला, पोचही मिळाली. पोच म्हणजे शिक्का मारलेला कागद.

करारावरचा ‘कोल्हापूर ऑफिस’ पत्ता शोधला. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. मालक म्हणाला, तुमच्याआधी कागलचे दोघे येऊन गेले.

नंबर मात्र अजून चालू आहे. भावाच्या फोनवरून बघितलं, त्याच्या जाहिरातीत ‘समाधानी शेतकरी’ म्हणून आमचाच फोटो आहे.